बाबा द्राक्षमळ्यात रमतात तेव्हा

आमचं घर बडोद्याचं, दारूबंदीच्या राज्यात तीन पिढ्या वाढलेलं. त्यामुळे नाशिकला मामाकडे गेल्यावर मी 'वायनरी बघू या' म्हटलं, तेव्हा बाबा गप्पच झाले. शेवटी 'मी फक्त मळा बघेन' या अटीवर आले.

गंगापूर धरणाजवळच्या 'सुला'त पोचलो. फेब्रुवारी होता, तोडणीचे दिवस. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, हे वेलीचं वर्ष ऐकताच बाबांचे प्रश्न सुरू झाले. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकाच असतो. सालींसकट आंबवल्यामुळे रेड वाईनला रंग येतो, हे कळल्यावर तर ते स्टीलच्या टाक्यांपाशीच रेंगाळले.

मग टेस्टिंग. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात; माझी झालेली. आधी रंग बघायचा, मग वास, मग छोटा घोट. शनँ ब्लाँ आंबटगोड लागली, शिराझ तुरट. बाबांनी शिराझचा ग्लास नुसता नाकाशी नेला. "मिऱ्याचा वास येतोय!" म्हणाले आणि ग्लास खाली ठेवला.

बाटली घेतली नाही. परवान्याशिवाय ती गुजरातेत नेता येत नाही. गाडी अर्थातच बाबांनी चालवली. वाटेत म्हणाले, "पुढच्या वर्षी आईलाही आणू. तोडणीच्याच दिवसांत."