घटस्फोट आणि घराचा पत्ता

घटस्फोटात आधी बदलतो तो पत्ता. पंधरा-वीस वर्षं नवऱ्याच्या फ्लॅटमध्ये संसार केलेली गृहिणी माहेरच्या एका खोलीत किंवा भाड्याच्या वन आरकेत येते. मुलांचे क्लास, मेडिक्लेम, सगळंच डळमळतं. यात नशिबापेक्षा कायद्याचा हात मोठा. महाराष्ट्रात घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल, तर घटस्फोटाने बायकोला त्यात आपोआप वाटा मिळत नाही. हप्ते फिटत होते तेव्हा घर कुणी सांभाळलं, हे करारनाम्यात कुठे लिहिलेलं असतं?

तिच्या हक्काचं उरतं ते स्त्रीधन (तेही बहुधा सासरच्या लॉकरमध्ये) आणि पोटगी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली खटला चालू असतानाची, कलम 25 खाली कायमची. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी ठरवून दिल्या: दोघांनीही मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची.

शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगीजकालीन नागरी कायदा आहे. त्याखाली लग्न झालेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर मालमत्ता साधारणपणे दोघांची समाईक असते. घटस्फोटात तिचे दोन समान वाटे होतात.