टॅरंटुलाच्या मादीचा हिशेब
(लेखमाला: घरातले रानजीव, लेखांक सहावा)

पाळीव टॅरंटुलाची घरी वीण करणाऱ्या हौशी लोकांचा एक ठरलेला दावा असतो: घरात पिले वाढली की रानातल्या कोळ्यांना कुणी हात लावणार नाही. गेल्या आठवड्यात या कोळ्यांचे राहणे-खाणे पाहिले. आज हा दावा तपासू. चाळीसगावकरांना तो लांबचा वाटू नये. पाटणादेवीला लागूनच गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे, आणि डोंगरातला एखादा जीव डब्यात घालून घरी आणण्याचा मोह नवा नाही. शिवाय भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला तो याच पाटणला. 1207 सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. तेव्हा इथे तरी हिशेब मांडूनच बोललेले बरे.

आधी वीण कशी होते ते पाहू, कारण हिशेब तिच्यातच आहे. नर शेवटची कात टाकून वयात आला की एक छोटे जाळे विणतो, त्यावर वीर्य सोडतो आणि तोंडाजवळच्या पायांसारख्या दोन अवयवांत ते भरून घेऊन मादीच्या शोधात निघतो. तिथून त्याचे आयुष्य फार उरलेले नसते. काही महिने, फार तर एक-दोन वर्षे. मादीचे मात्र वेगळे. ती वयात आल्यावरही वर्षानुवर्षे जगते, कात टाकत राहते, आणि प्रत्येक कातेबरोबर वीर्य साठवण्याच्या पिशवीचे अस्तरही निघून जाते. म्हणून जाणकार पालक नराला सोडतो तो तिने नुकती कात टाकून ती पुन्हा टणक झाल्यावर; उशीर झाला तर सगळी मेहनत कातेबरोबर गेली. पुढे ती रेशमाची पिशवी विणून त्यात अंडी घालते. त्रास झाला तर ती पिशवी स्वतःच खाऊन टाकते, म्हणून बरेच पालक काही आठवड्यांनी ती काढून घेतात. आतून निघणारी पिले आधी पाय फुटलेल्या अंड्यांसारखी दिसतात आणि पोटातल्या बलकावरच जगतात. आणखी कात टाकून ती शिकारीला तयार झाली की भोके पाडलेल्या लहान डब्यांत एकेक वेगळे ठेवायचे, तळाची माती किंचित ओलसर राखायची, खायला उडता न येणाऱ्या फळमाश्या द्यायच्या. कात टाकणाऱ्या पिलाच्या डब्यात जिवंत किडा विसरला तर तो किडाच पिलाला खातो.

आता त्रैराशिक नको, साधी वजाबाकी पुरे. एका पिशवीतून शंभर पिले निघाली असे धरू. रानातली संख्या कमी-जास्त न होता टिकायची, तर मादीच्या सगळ्या पिशव्या मिळून सरासरी दोनच पिले वीण करण्याइतकी जगायला हवीत. यावर हौशी माणूस लगेच म्हणेल, बाकीची मरणारच होती, त्यातली चार आम्ही नेली तर काय बिघडले? पिलांपुरते हे खरे आहे. पण सालीखालचे ज्वारीच्या दाण्याएवढे पिल्लू शोधायला कोण जातो? उचलली जाते ती मोठी, देखणी मादी. गाभण असेल तर आणखी उत्तम, कारण मग पिशवी आयतीच मिळते आणि पिले ‘घरी जन्मलेली’ म्हणून विकता येतात. शंभरांतून वाचलेली नेमकी तीच असते. नर लवकर मरतात, पिले ढिगाने मरतात. वस्ती उभी असते ती या थोड्या म्हाताऱ्या माद्यांवर.

दाव्याची खरी परीक्षा आंध्र प्रदेशात झाली आहे. पीसिलोथेरिया मेटॅलिका हा निळा, झाडाच्या ढोलीत राहणारा कोळी आज परदेशातल्या हौशींकडे सर्रास पैदा होतो. तरीही 2008 पासून तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, कारण त्याचे जंगल तुटते आहे आणि उरलेला टापू शंभर चौरस किलोमीटरहून लहान आहे. युरोपातल्या डब्यांमुळे इथली एकही ढोली वाढली नाही.

घरातल्या विणीचा काहीच उपयोग नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. कात, आयुष्य, पिलांची वाढ यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे पालकांनी डब्याशेजारी बसून टिपलेले आहे. मग परदेशी जातीच पाळाव्यात, असा एक तोडगा सुचवला जातो. जुलै 2020 मध्ये पोलंडहून आलेल्या टपालाच्या पार्सलात 107 जिवंत कोळी छोट्या कुप्यांत भरलेले चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सापडले, त्यावरून हा रस्ता किती सरळ आहे ते दिसते. पीसिलोथेरियाची अख्खी प्रजातीच 2019 मध्ये वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात आली, आणि 2022 च्या दुरुस्तीने करारातल्या प्राण्यांसाठी आपल्या कायद्यातही वेगळी अनुसूची झाली.

राहिला शेवटचा आक्षेप: वेळ आली तर घरची पिले रानात सोडता येतील. कुठल्या रानात? मेटॅलिकाचे पहिले वर्णन प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने 1899 मध्ये केले, ते गुत्ती या रेल्वे जंक्शनच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या कोळ्यावरून. तो बहुधा लाकडांबरोबर गाडीतून आला होता. त्याचे खरे घर नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात आहे, हे 2001 मध्ये कळले. हातात आलेला कोळी कुठल्या झाडावरचा, एवढी एक नोंद नव्हती, आणि ती भरून निघायला 102 वर्षे लागली. हातोहात विकल्या जाणाऱ्या कुप्यांवर तर बहुतेकदा नुसते जातीचे नाव असते.