गोठ्यात उभे राहिलेले कलादालन

गुरे कमी झाली की आपल्याकडे गोठ्याचे काय होते? मोडका नांगर, जुनी पोती आणि उरलासुरला पेंढा यांची ती अडगळ होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावी एका ठाकर कुटुंबाने मात्र आपल्या गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्यांची कला मांडून ठेवली आहे. त्याची ही हकीकत.

चित्रकथी म्हणजे काय?

पिंगुळीचे ठाकर हे परंपरेने कलावंत. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, पांगुळ, पोतराज, राधानृत्य अशा कला त्यांच्या घराण्यांत चालत आल्या. त्यांतली चित्रकथी सर्वांत नावाजलेली. रामायण-महाभारतातील एकेक प्रसंग सुट्या कागदांवर रंगवायचा आणि त्या कागदांचा गठ्ठा क्रमाने लावायचा. त्याला पोथी म्हणतात. एका पोथीत साधारण ३० ते ५० चित्रे असतात. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गातो. मोठे टपोरे डोळे आणि बाजूने दिसणारे चेहरे ही या चित्रांची खूण.

ही रीत फार जुनी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख सापडतो. पुढे सावंतवाडी संस्थानच्या राजांनी ठाकरांना आश्रय दिला आणि देवळांतून कार्यक्रम करण्याचे मान नेमून दिले. भिक्षुक्या म्हणून गावोगाव फिरणारे हे लोक राजांसाठी बातम्याही आणीत, असे सांगितले जाते.

ओहोटी आणि उपाय

संस्थान गेले आणि आश्रयही गेला. पुढे सिनेमा आला, मग घरोघर दूरदर्शन आले. देवळात रात्रभर कथा ऐकायला बसणारे कमी झाले. गाऊन पोट भरेना, तेव्हा तरुण मुले नोकरी-मजुरीकडे वळली. पोथ्यांना कसर लागू लागली. यातली काही जुनी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत, म्हणून ती आज पाहता तरी येतात.

अशा वेळी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले. नाव ठेवले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. जुन्या पोथ्या, बाहुल्या, वाद्ये तिथे मांडली. येणाऱ्या पाहुण्याला कुटुंबातली माणसे चित्रे समजावून देतात आणि बाहुल्या नाचवून दाखवतात. पुढची पिढीही या कामात उतरली. २०२१ साली श्री. गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली.

आपण काय घ्यावे?

मी शेतीखात्याचा माणूस, म्हणून या गोष्टीकडे जोडधंद्याच्या नजरेनेही पाहतो. गुऱ्हाळावर उभे राहून ज्याने रस आटताना पाहिला, तो गुळाच्या भावात फारशी घासाघीस करीत नाही. चित्राचेही तसेच आहे. दुकानात टांगलेले चित्र माणूस नुसते पाहून पुढे जातो. पण ज्याच्यासमोर ते रंगले आणि ज्याला त्याची कथा ऐकायला मिळाली, त्याला त्याची किंमत कळते. कलावंताच्या अंगणात गिऱ्हाईक आले की मधला दलालही सुटतो.

मात्र एक ध्यानात ठेवा. गोठा रिकामा करणे सोपे, शिकणारी मुले तयार करणे अवघड. कथा पाठ असणारा म्हातारा आहे तोवरच मुलाला त्याच्याजवळ बसवले पाहिजे. घरचे वाण संपले तर बाजारातून बियाणे आणता येते. आजोबांच्या गळ्यातली कथा कुठून आणणार?

कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक पिंगुळीहून जवळच आहे. भाताची कापणी-झोडणी आटोपली की मुलाबाळांना घेऊन एकदा जाऊन या. आधी कळवून गेलात तर खेळ नीट पाहायला मिळेल. खेळाचे मोल मोकळ्या हाताने द्या. आणि परत आल्यावर आपल्या माळ्यावरचे ढोलके, ओव्यांची वही, आजीची गोधडी एकदा खाली काढून झटका, उन्हात घाला. ज्यांना त्यांची माहिती आहे त्यांच्याकडून ती मुलांसमोर सांगवून घ्या. हे काम याच हंगामात करा.