हलणारा दात आणि साखरेचा आकडा

2021 च्या मे महिन्यात सिडकोतल्या माझ्या दवाखान्यात एक तक्रार वारंवार यायला लागली : "मॅडम, दात हलतायत." कीड नाही, हिरड्या बऱ्या, पण वरच्या जबड्यात एकाच बाजूचे तीन-चार दात सैल. पैठणकडचे एक शेतकरी म्हणाले, "दाढी करताना उजवा गाल माझा वाटतच नाही." टाळूवर टॉर्च मारला, तर काळपट चट्टा. करोनातून उठून त्यांना जेमतेम पंधरवडा झाला होता. साखर चारशेच्या वर. एक्स-रेसाठीसुद्धा न थांबवता त्यांना तडक घाटी रुग्णालयात पाठवलं.

हा आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी मातीत, हवेत, शिळ्या भाकरीवर सगळीकडे असते. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी तिला नाकातच संपवतात. बेताबाहेरचा मधुमेह आणि त्यावर स्टेरॉईड, म्हणजे या पेशी दुबळ्या. मग बुरशी सायनसमध्ये रुजते, रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते. तो काळा चट्टा म्हणजे मेलेलं मांस. पुढे डोळा, मग मेंदू.

नाकातून दुर्बीण घालून घेतलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की संशय काही तासांत पक्का करता येतो. उपचार मात्र तिहेरी हवेत : मेलेला भाग काढणं, ॲम्फोटेरिसिन-बी शिरेतून देणं, साखर आटोक्यात आणणं. औषध मूत्रपिंडाला जड, म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम सारखं तपासावं लागतं. त्या मे महिन्यात हे इंजेक्शन देशभर मिळेनासं झालं होतं. नातेवाईक चिठ्ठी घेऊन वणवण फिरायचे. 20 मे रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं.

त्या शेतकऱ्यांचा डोळा वाचला, अर्धा वरचा जबडा गेला. प्यायलेलं पाणी नाकातून यायचं. टाळूचं भोक झाकणारी कवळी बसवल्यावर ते माझ्यासमोर पेलाभर पाणी सलग प्यायले.

करोनाची लाट ओसरली तरी अशा संधिसाधू संसर्गांचा धोका उरतोच. केमोथेरपी चालू असलेले, मूत्रपिंड बदललेले, एचआयव्ही असलेले, सांधेदुखीसाठी मेडिकलवरून परस्पर स्टेरॉईड खाणारे (याची मला फार चीड येते) अशा सगळ्यांनाच तो आहे. एचआयव्हीत आधी क्षयाची शंका घ्यावी. जिभेवर पुसले जाणारे पांढरे चट्टे दिसले, तर मी रक्ततपासणीचा विषय काढतेच. रक्तातल्या सीडी-4 पेशींचा आकडा दोनशेच्या खाली असेल तर न्यूमोनिया टाळायला कोट्रायमोक्साझोलची साधी गोळी रोज देतात. सरकारी एआरटी केंद्रात एचआयव्हीचे उपचार मोफत आहेत. आणि केमोच्या रुग्णाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.