जेवणाच्या सुट्टीतील पियानो

पियानोवादनाच्या जलशात कोणत्या रचना घ्याव्यात आणि त्या कोणत्या क्रमाने वाजवाव्यात, हा प्रश्न वरवर पाहता वादकाच्या आवडीनिवडीचा वाटतो. आमच्या मते तो श्रोत्याच्या कानाचा आणि त्याच्या गाठी असलेल्या वेळेचा प्रश्न आहे. आम्ही संगीतशास्त्री नव्हे. आयुष्य कामगारांच्या सभा भरवण्यात गेले. पाश्चात्य संगीत शिकलो ते वाचनालयातील पुस्तके आणि ध्वनिमुद्रिका यांच्या आधाराने. परंतु कोणत्या वक्त्यामागून कोणाला उभे करावे याची चिंता ज्याने वाहिली आहे, त्याला हा विषय अगदीच परका नाही.

पूर्वी युरोपात एकट्या पियानोचा जलसा क्वचितच होई. गायक असत, वाद्यवृंद असे, मधून पियानो वाजे. त्यामुळे विविधता आपोआप येई. १८४० साली लंडनमध्ये फ्रान्झ लिस्ट एकटाच वाजवायला बसला आणि अशा जलशाला 'रिसायटल' हे नाव पडले. आता वाद्य एकच, हात दोनच. विविधता आणायची तर ती रचनांच्या निवडीतूनच आणली पाहिजे.

ती कशी आणतात हे पाहण्यासाठी आम्हांला एक कार्यक्रम फार मोलाचा वाटतो. १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले आणि लंडनमधील नाट्यगृहे व संगीतगृहे बंद पडली. नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षिततेसाठी शहराबाहेर हलवली होती. भिंती उघड्या होत्या. मायरा हेस या पियानोवादिकेने तेथे भर दुपारी संगीत ठेवावे असे सुचवले आणि गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांनी ते मान्य केले. १० ऑक्टोबर १९३९ रोजी दुपारी एक वाजता पहिला जलसा झाला. प्रवेशमूल्य एक शिलिंग. कचेरीतील कारकून, दुकानांतील मुली, गणवेशातील सैनिक अशी मंडळी जेवणाच्या सुट्टीत आली.

त्या तासाभरात बाईंनी काय वाजवले? आरंभी डोमेनिको स्कार्लाटीचे दोन सोनाटा, मग बाखचे काही प्रेल्यूड व फ्यूग, त्यानंतर बीथोव्हेनचा 'आपासिओनाता' सोनाटा, पुढे शूबर्टची नृत्ये, शोपाँचे एक नॉक्टर्न व एक वॉल्ट्झ, ब्राम्सची इंटरमेझी, आणि शेवटी बाखच्या एका भक्तिगीताचे त्यांनी स्वतः केलेले पियानो-रूपांतर.

आता हा क्रम जरा उकलून पाहू. स्कार्लाटीचे सोनाटा बहुधा तीन-पाच मिनिटांचे. कोणी खुर्ची शोधतो आहे, कोणी धापा टाकीत आत येतो आहे. तेवढ्यात ते कान स्वच्छ करून देतात. बाखच्या फ्यूगमध्ये एकच सुरावट एका आवाजामागून दुसरा आवाज उचलतो. ती धरून ठेवायला लक्ष लागते, म्हणून ती दुसऱ्या जागी. एव्हाना श्रोता कामाला लागलेला असतो, आणि तेव्हाच 'आपासिओनाता' येतो. साऱ्या कार्यक्रमाचा भार या एका रचनेवर आहे. हा सोनाटा सुमारे चोवीस मिनिटांचा, म्हणजे तासातील मोठा हिस्सा त्याचाच. खर्जातून दबक्या आवाजात सुरू होतो, मध्यभागी शांत होतो आणि तेथून न थांबता शेवटच्या वादळात शिरतो. हा आरंभी ठेवला असता तर उशिरा आलेल्यांचा हुकला असता. अखेरीस ठेवला असता तर थकलेल्या कानांवर आदळला असता, आणि घड्याळाकडे डोळे लागलेला कारकून मधूनच उठला असता.

त्यानंतर दुसरी वजनदार रचना घेण्याचा मोह पुष्कळ वादकांना होतो. बाईंनी शूबर्टची छोटी नृत्ये घेतली. व्हिएन्नात लोक घरगुती मेळाव्यांत नाचत, त्या जातीची. ती वादळानंतर ऐकली म्हणूनच गोड लागतात. एरवी ती किरकोळ वाटतील. पुढे शोपाँ आणि ब्राम्स, हळूहळू सायंकाळसारखे उतरत जाणारे. शेवट गडगडाटात नाही, एका शांत गीतात. आपल्याकडे ख्याल-ठुमरीनंतर भैरवी येते आणि तिच्यानंतर कोणी दुसरे ऐकू इच्छीत नाही, तसाच हा प्रकार.

यात आणखी एक गोष्ट आहे. युद्ध जर्मनीशी, मायरा हेस स्वतः ज्यू, आणि कार्यक्रमात बाख, बीथोव्हेन, ब्राम्स! हे संगीतकार हिटलरच्या मालकीचे नव्हेत, हे भाषण न करता सांगितले गेले.

आमचे काही स्नेही म्हणतात, कष्टकऱ्यांना हलकेफुलकेच द्यावे, जड त्यांच्या पचनी पडत नाही. त्यांनी हा कार्यक्रम पाहावा. त्यात अवघड रचना आहेत. वेळ मात्र मोजलेला आहे, आणि अवघडामागून विसावा आहे. हे जलसे बॉम्बवर्षावाच्या दिवसांत तळघरात हलवावे लागले, तरी १० एप्रिल १९४६ पर्यंत चालले. एकूण १,६९८ झाले.

रात्रीच्या, मध्यंतर असलेल्या जलशाचा हिशेब अर्थातच निराळा. तेथे शूबर्टचा १८२८ सालचा शेवटचा सोनाटा घेता येतो. तो चाळीस मिनिटांचा असल्याने अर्धा कार्यक्रम त्यालाच द्यावा. नव्या, कानाला न सरावलेल्या रचनेची जागा दोन परिचित रचनांच्या मधली. बार्टोकची 'आलेग्रो बार्बारो' ही १९११ सालची रचना तीन मिनिटांत संपते. तेवढा वेळ ती न आवडणारा गृहस्थही जागेवरून उठत नाही.