गोवर अंगावर काढण्याची किंमत

नोव्हेंबर 2025 मध्ये कॅनडाने 'गोवरमुक्त' हा दर्जा गमावला. बातमी तिकडची असली, तरी 2022 च्या अखेरीस गोवंडीत आलेली गोवराची साथ मुंबई विसरलेली नाही. तरीही 'आम्हाला लहानपणी गोवर येऊनच गेला, काय बिघडलं?' हे आजही घराघरांत ऐकू येतं. यातलं अर्धं खरं आहे, उरलेलं अर्धं जीवघेणं.

खरं अर्धं पीटर पानुम या पंचविशीतल्या डॅनिश डॉक्टरने 1846 मध्ये नोंदवून ठेवलं. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर तेव्हा गोवराची साथ आली आणि 7,782 वस्तीपैकी सुमारे 6,000 जण आजारी पडले. आधीची साथ 1781 ची. मधली 65 वर्षं बेटांवर गोवर नव्हताच. पानुम गावोगाव हिंडला. 1781 मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. त्या वेळी सुटलेले त्यांच्याच वयाचे लोक मात्र अंथरुणाला खिळले होते. विषाणूची पुन्हा गाठ न पडताही शरीराने ओळख जपली होती. स्मृतिपेशी आणि अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी हे काम करतात. लशीतला दुबळा केलेला विषाणूही हीच स्मृती घडवतो, आजार न देता.

आता जीवघेणं अर्धं. गोवराचा विषाणू नेमका या स्मृतिपेशींमध्येच शिरतो आणि त्या नष्ट करतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त संशोधकांनी तपासलं. 2019 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेले निष्कर्ष हादरवणारे आहेत: इतर रोगजंतूंविरुद्ध कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झाली होती. पुरळ आठवड्याभरात जातं. पण पूर्वी ओळखीचे झालेले जंतू त्या मुलाला पुन्हा नव्याने गाठतात. लशीने असं नुकसान होत नाही. एवढं माहीत असताना 'नैसर्गिक प्रतिकारशक्ती'च्या नावाखाली मुलाला गोवर होऊ देणं, ही माझ्या मते बेपर्वाईच आहे.

आपल्याकडे जास्त हयगय होते ती दुसऱ्या डोसची. आईकडून आलेली प्रतिपिंडं पहिला डोस घेणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळात कधी कधी शिल्लक असतात आणि लशीलाच निष्प्रभ करतात. म्हणून काही बाळांना पहिला डोस लागू पडत नाही. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत द्यायचा असतो. राहून गेला असेल, तर पाचव्या वर्षापर्यंत सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो. मुलाचं लसीकरण कार्ड आजच काढून पाहा.