हवेतल्या गर्दीचा नियम

टोलनाक्यावर रीडरच्या टप्प्यात आपला फास्टॅग येतो आणि कधी कधी मागच्या गाडीचाही. दोघांनी एकदम उत्तर दिलं तर रीडरला काय कळणार? एका वाचकाने विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की आपण थेट हवाई बेटांवर पोहोचतो.

हवाई विद्यापीठाच्या शाखा बेटांवर विखुरलेल्या, मुख्य संगणक मात्र ओआहूवर. टेलिफोनच्या लाइन महाग आणि खरखरणाऱ्या. सर्फिंगच्या ओढीने तिथे आलेले प्राध्यापक नॉर्मन अब्रॅम्सन यांनी रेडिओचा मार्ग धरला. प्रत्येक टर्मिनलला स्वतंत्र वारंवारता किंवा ठरलेली वेळ वाटून द्यायची, ही तेव्हाची रीत. पण टर्मिनलपुढचा माणूस बराच वेळ नुसता विचार करत असतो, आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेली जागा फुकट जाते. अब्रॅम्सन यांनी वाटणीच काढून टाकली. सगळ्यांना एकच वारंवारता. मजकूर तयार झाला की पॅकेट सरळ पाठवायचं. पोच आली नाही, तर ते दुसऱ्या पॅकेटवर आदळलं असं समजून पुन्हा पाठवायचं. मात्र मध्ये किती थांबायचं, हे प्रत्येकाने नशिबावर सोडायचं. ग्रामसभेत दोघं एकदम बोलू लागले, दोघं थांबले आणि नेमक्या तितक्याच वेळाने दोघांनी पुन्हा तोंड उघडलं, तर सभा पुढे सरकणारच नाही! अब्रॅम्सन यांचं हे जाळं, अलोहानेट, जून 1971 मध्ये सुरू झालं.

गणित केलं तर या पद्धतीत वाहिनीची जास्तीत जास्त 18 टक्केच क्षमता कामी येते. वेळेचे सारखे तुकडे पाडून तुकड्याच्या सुरुवातीलाच बोलायचं बंधन घातलं, की हा आकडा दुप्पट, 37 टक्क्यांच्या आसपास जातो. ही सुधारणा लॅरी रॉबर्ट्स यांची.

फास्टॅगमध्ये ही सुधारित पद्धत आहे. टॅगला बॅटरी नसते. रीडरच्या लहरींवरच तो जागा होतो आणि त्याच लहरी परतवून उत्तर देतो. रीडर सांगतो, समजा, 0 ते 15 मधला एक आकडा निवडा. मग प्रत्येक टॅग उलटी मोजणी करतो. शून्यावर पोहोचणारा आधी 16 बिटांची एक यादृच्छिक संख्या पाठवतो, रीडरने तीच परत उच्चारली की मग आपली ओळख सांगतो. दोघं एकाच वेळी शून्यावर आले, तर पुन्हा आकडे निवडायचे.

घरातला वाय-फाय आधी कानोसा घेतो, हवा मोकळी दिसली तरी यादृच्छिक क्षण थांबतो आणि पाठवल्यावर पोचेची वाट पाहतो. टॉवरशी पहिला संपर्क साधणारा मोबाइलही अशीच संधी आजमावतो. काही मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत मूळ कल्पना एकच.

तरीही समाजमाध्यमांवर वाय-फायचं श्रेय सर्रास अभिनेत्री हेडी लमार यांना दिलं जातं. वारंवारता बदलत राहण्याचं त्यांचं आणि जॉर्ज अँथाइल यांचं 1942चं पेटंट अभिमानास्पदच आहे. पण आजचा वाय-फाय त्या युक्तीवर चालत नाही, तशा उड्या ब्लूटूथ मारतो. अब्रॅम्सन यांच्या कल्पनेवरून स्फूर्ती घेऊन इथरनेट घडवणाऱ्या बॉब मेटकाफ यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. अब्रॅम्सन 2020 मध्ये गेले, तेव्हा किती जणांना त्यांचं नाव ठाऊक होतं?

त्यांचं गणित आज फार कामाचं आहे. पाण्याचे मीटर, शेतातले सेन्सर यांच्यासाठी लोरा तंत्राची जाहिरात जोरात आहे: छोटी बॅटरी, कित्येक किलोमीटरचा पल्ला. पण हा पल्ला वेग मोडून मिळवलेला असतो. सर्वात लांबच्या पल्ल्यावर छोटासा संदेशही सेकंदाहून जास्त वेळ हवेत राहतो. जितका जास्त वेळ, तितकी टक्कर होण्याची शक्यता जास्त. शिवाय लोरावरचं प्रचलित जाळं अजून अब्रॅम्सन यांच्या मूळ, 18 टक्केवाल्या पद्धतीवरच चालतं. त्यामुळे एका अँटेनावर हजारो सेन्सर जोडून देतो, असं कोणी सांगितलं, तर पल्ला नंतर विचारा. प्रत्येक सेन्सर दिवसातून किती वेळा आणि किती वेळ बोलणार, ते आधी विचारा.